सिक्कीमचे 1975 : आधी पहारा, मग मतदान

राज्य खालसा होणे म्हणजे काय, हे नागपूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे डिसेंबर 1853 मध्ये निधन झाले आणि दत्तक वारस अमान्य करून डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य गिळंकृत केले. महालातल्या रयतेचे मत घ्यावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. सिक्कीममध्ये 1975 साली मत घेतले गेले, हा फरक मोठा आहे. मात्र ते कोणत्या क्रमाने घेतले गेले, हेही पाहिले पाहिजे.

1974 च्या निवडणुकीत काझी ल्हेंडुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसने 32 पैकी 31 जागा जिंकल्या होत्या, त्यामुळे 1642 पासून चालत आलेल्या नामग्याल घराण्याविरुद्धचा असंतोष दिल्लीने रचलेला होता असे म्हणणे मला पटत नाही. त्याच वर्षी 35 व्या घटनादुरुस्तीने सिक्कीमला ‘सहयोगी राज्य’ असा, ना आत ना बाहेर, दर्जा मिळाला. फेब्रुवारी 1975 मध्ये चोग्याल, म्हणजे सिक्कीमचे राजे, पाल्देन थोंडुप नामग्याल नेपाळनरेशांच्या राज्याभिषेकासाठी काठमांडूला गेले आणि तेथे पत्रकारांसमोर त्यांनी या व्यवस्थेविरुद्ध तोंड उघडले. मग सगळे भराभर घडले. 9 एप्रिलला भारतीय सैन्याने गंगटोकच्या राजवाड्यावरील पहारेकऱ्यांना निःशस्त्र केले, ज्यात एक पहारेकरी मारला गेला. दुसऱ्याच दिवशी विधानसभेने राजेशाही रद्द करण्याचा ठराव केला आणि 14 एप्रिलला जनमत घेतले गेले. डोंगराळ मुलखात चार दिवसांत मतदान उभे करणे ही कार्यक्षमता म्हणावी की घाई, हे ज्याचे त्याने ठरवावे. बाजूने 59,637 मते पडली, विरोधात 1,496. राजेशाही संपवावी आणि सिक्कीम भारताचा घटक व्हावा, या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नात बांधलेल्या होत्या. राजा नको पण विलीनीकरणही नको, असे म्हणणाऱ्याला जागाच नव्हती.

संसदेने एप्रिलअखेर 36 वी घटनादुरुस्ती मंजूर केली, 16 मे रोजी सिक्कीम 22 वे राज्य झाले, काझी मुख्यमंत्री झाले. पुढच्याच महिन्यात देशात आणीबाणी लागली आणि सिक्कीमची चर्चा मागे पडली.

या दुरुस्तीने आलेले कलम 371 फ मात्र सवडीने वाचावे असे आहे. सिक्कीमचे जुने कायदे त्याने शाबूत ठेवले. विधानसभेतील ‘संघ’ नावाची जागाही त्याच्याच आधारे टिकली. तिचे मतदार केवळ बौद्ध मठांतील भिक्षू-भिक्षुणी असतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये ती वैध ठरवली. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाचा आधारही 371 व्या कलमातच आहे. त्या मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.