मे महिन्यातील दहा किलोमीटर : नाशिकच्या उन्हात केलेला सराव

मे महिन्यातील एका रविवारी सकाळी होणाऱ्या दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी मी नाव नोंदवले, तेव्हा घरच्यांनी ‘हिवाळा सोडून उन्हाळ्यात कशाला?’ असा रास्त प्रश्न विचारला. नाशिकला आजही थंड हवेचे शहर म्हणतात. पण एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळीस अंशांच्या आसपास पोहोचतो. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची असल्यामुळे पहाटे मात्र हवा निवते, आणि माझ्या सरावाचा सारा बेत मी या पहाटेच्या आधारावरच आखला.

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या गोल्फ क्लब मैदानावर, सूर्योदयापूर्वी येणाऱ्या मुलींना धावताना पाहूनच मला या अंतराची ओढ लागली होती. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात हे अंतर घरोघरी ठाऊक झाले आहे. त्या मैदानावर शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांना मी सल्ला विचारला, तेव्हा ते म्हणाले, “ताई, उन्हाळ्यात किलोमीटरला किती मिनिटे लागली हे पाहू नका. बोलता येईल इतक्याच दमाने धावा.”

या सल्ल्यामागचे कारण समजून घेतल्यावर मला सरावाची खरी दिशा मिळाली. धावताना स्नायूंना रक्त लागते. उन्हात तेच रक्त शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडेही न्यावे लागते, आणि घामावाटे पाणी गेल्याने रक्तातील द्रवही घटत जातो. म्हणून थंडीत सहज पेलणारा वेग उन्हात राखायचा म्हटले, तर हृदयाला कितीतरी अधिक ठोके द्यावे लागतात. अशा वेळी वेग कमी होणे ही दुर्बलता नसून शरीराने केलेली योग्य तडजोड असते, हे मला मनापासून पटले आणि जानेवारीतील वेळेशी तुलना करणे मी पूर्णपणे थांबवले.

उष्णतेची सवय लागायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. केवळ पहाटेच्या गारव्यात धावून ही सवय लागत नाही. म्हणून वेगाचा सराव मी उजाडण्यापूर्वी उरकत असे आणि आठवड्यातून काही वेळा गंगापूर रोडवरून सोमेश्वरच्या दिशेने, ऊन चढू लागल्यावर, मुद्दाम थोडेसेच आणि अगदी सावकाश धावत असे. सुरुवातीला चेहरा तापायचा आणि पायांत जडपणा यायचा. पुढे तोच रस्ता तेवढ्याच दमात, पण थोड्या अधिक वेगाने पार होऊ लागला. एप्रिलच्या कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो, त्यामुळे शरीर चांगले थंड होते, पण किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. मेच्या उत्तरार्धात हवा दमट होऊ लागली की घाम सुकण्याऐवजी नुसता निथळतो आणि त्याचा थंडाव्यासाठी उपयोग होत नाही, म्हणून त्या दिवसांत मी अंतर आणखी कमी केले.

पाण्याचा हिशेब मी वजनकाट्यावर ठेवला. धावण्यापूर्वी आणि घाम पुसून धावल्यानंतर वजन केले, की अर्धा किलो घट म्हणजे सुमारे अर्धा लिटर पाणी गेले, असे समजता येते. तहान भागेल तेवढे पाणी आणि मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे मला पुरेसे होत असे. भीतीपोटी तांब्यामागून तांब्या पाणी पिणेही धोक्याचे असते, कारण त्यामुळे रक्तातील सोडियम घटते. ही बाब फार थोडे लोक सांगतात, म्हणून येथे आवर्जून नमूद करते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उन्हात सराव करूच नये.

शर्यतीच्या सकाळी सूर्य वर आला होता. पहिले तीन किलोमीटर मी ठरवून मागे राहिले, पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी एक पेला प्यायले आणि एक मानेवर ओतला. सातव्या किलोमीटरनंतर अनेक जण चालू लागले होते. माझा दम मात्र टिकून होता, म्हणून तेथून वेग वाढवला. शेवटच्या वळणावर एक तरुण अडखळत, असंबद्ध बोलत असलेला दिसला. उष्माघातात असा गोंधळ हे गंभीर लक्षण असते आणि अशा वेळी शरीर तत्काळ थंड करणे सर्वांत महत्त्वाचे असते, हे वाचलेले होते. स्वयंसेवकांना हाक मारून आम्ही त्याला सावलीत निजवले, अंगावर गार पाणी ओतत राहिलो आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मी तेथेच थांबले. त्यानंतर उरलेले अंतर पूर्ण केले. वेळ अर्थातच जानेवारीपेक्षा बरीच जास्त लागली, पण थांबण्यापूर्वीचे किलोमीटर मी ठरवल्याप्रमाणे धावले होते आणि त्याचे मला पूर्ण समाधान आहे.

उन्हाची ही सवय सराव सुटल्यावर काही आठवड्यांत ओसरते, त्यामुळे पुढील उन्हाळ्यासाठी मला मार्चच्या अखेरीस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि ती मी करणार आहे.