निर्गुंडी तेल : चौथा घाणा उतरला

नुकताच चौथा घाणा गाळला. अर्धा लिटर घाणीचं तीळ तेल चढवलं होतं, सव्वाचारशे मिली हाती आलं. बाकीचं कल्काने, म्हणजे तेलात घातलेल्या वाटलेल्या पाल्याने प्यायलं. रंग हिरवट काळसर. वास निर्गुंडीचाच आहे, कडवट आणि उग्र, पण जळका नाही. गेले तीन घाणे मी याच वासाच्या मागे होतो.

हे तेल वारीसाठी आहे. माउलींची पालखी पुण्याहून निघते त्या दिवशी साधारण ३० किलोमीटरची चाल, त्यात दिवेघाटाची चढण, आणि मग सासवडला दोन रात्री मुक्काम. तिथे आम्ही काही मंडळी दरवर्षी वारकऱ्यांचे पाय चोळायला बसतो. आधी साधं खोबरेल वापरायचो. गेल्या वर्षी तिसऱ्या घाण्याची एक बाटली नेली होती. परभणीकडच्या एका आजींनी पोटरीला तेल लागताच विचारलं, "लेका, निगडी हाय का रं ह्यात? आमच्या बांधाला हाय." पाय सुजला की त्यांच्या घरी पाला तव्यावर गरम करून बांधतात. त्या दिवसापासून हे तेल नीट जमवायचंच, असं मनाने घेतलं आहे.

आता आधी कुठे चुकलं ते सांगतो, कारण नवीन करणारा बहुतेक तिथेच अडकतो.

पहिला घाणा करपला. आच मोठी होती आणि कल्क बुडाला बसला. दुसरा दिसायला सुरेख होता, पण पंधरा दिवसांत बाटलीच्या तळाशी गढूळ थर आला आणि तेल खवटलं. त्यात पाण्याचा अंश राहिला होता. तिसऱ्यात कल्कच जास्त पडला. तेलाच्या चौथा हिस्सा कल्क आणि चौपट द्रव, एवढंच डोक्यात होतं. पण शार्ङ्गधर संहितेत द्रवाप्रमाणे कल्क बदलतो: नुसत्या पाण्यात तेल सिद्ध करायचं तर चौथा हिस्सा, काढ्यात सहावा, स्वरसात म्हणजे पिळून काढलेल्या ताज्या रसात आठवा. काढ्यात चौथा हिस्सा घातला तर पातेल्यात पिठलं होतं. माझं तेच झालं होतं.

स्वरसाचा नाद मी सोडला आहे. निर्गुंडीचं पान पातळ असतं, कुटून पिळलं तरी रस फार निघत नाही, आणि मिक्सरमध्ये पाणी घालून काढलेल्याला स्वरस म्हणवत नाही. या वेळी ओढ्याकाठचा एक किलो ओला पाला घेतला. पाच पानांचा पंजा, मधलं पान सर्वांत लांब, खालची बाजू पांढुरकी, चुरडलं की वास नाकात जातो. आठ लिटर पाण्यात मंद आचेवर आटवून दोन लिटर काढा केला. कल्काला पानंच वाटून घेतली, ८० ग्रॅम. मूर्च्छना, म्हणजे आधी मंजिष्ठेसारखी औषधं घालून तेल संस्कारून घेणं, केली नाही. मंजिष्ठेने रंग छान येतो, पण मला आधी निर्गुंडीचं वागणं समजून घ्यायचं होतं.

पाक तीन दिवस चालला, रोज दोन-अडीच तास. जुने वैद्य असलं तेल एका दिवसात उतरवत नाहीत, आणि त्याचं कारण आता हाताला कळलं. रात्रभर थंड होताना कल्क तेलात मुरतो, दुसऱ्या दिवशी कमी आचेत पाणी सुटतं. मात्र शेवटचा अर्धा तास पातेल्यापासून हलायचं नाही. पाणी संपत आलं की तेल उडतं, आणि कल्क बघता बघता मऊचा कडक होतो.

मी पळीने चिमूटभर कल्क काढून, जरा निवला की बोटांत वळत होतो. आधी चिकटत होता. दहा मिनिटांनी वात वळली, पण विस्तवावर धरली तेव्हा तडतडली, म्हणजे पाणी आहे. आणखी पंधरा मिनिटांनी तेलावर बारीक फेस आला, वात सुबक वळली आणि विस्तवावर आवाज न करता पेटली. त्याच क्षणी गॅस बंद केला. तेल कोमट असतानाच फडक्यातून गाळलं. कल्क पिळून निघालेलं तेल वेगळ्या बाटलीत ठेवलं आहे, कारण पाणी राहिलंच असेल तर त्यातच सापडेल.

परवा सिंहगड चढून आल्यावर डाव्या पोटरीला हे आणि उजव्या पोटरीला साधं तीळ तेल चोळलं, दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना डावा पाय किंचित मोकळा वाटला. एका माणसाच्या एका दिवसावरून मी यापुढे काही म्हणणार नाही. चोळण्याचा वाटा मोठा आहे, हे उजव्या पायानेही दाखवलं.

कापूर घालण्याबद्दल विचारणारे बरेच आहेत. मी घालत नाही. गार झोंबण्याने आराम वाटतो खरा, पण वारकऱ्यांच्या पायांना फोड असतात आणि तिथे तो आग करतो. फोडावर, चिरेवर तेल लावायचंच नाही, आणि आधी मनगटावर थोडं लावून बघायचं. मधुमेही माणसाच्या पायाला शेक देताना फार जपा, चटका त्यांना कळत नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर चोळू नका, थेट डॉक्टरांकडे पाठवा. आमच्या मंडळींना मी हे दरवर्षी बसण्याआधी सांगतो.

बाटली आता महिनाभर खिडकीत राहील. तळाशी थर आला नाही, तर पाचवा घाणा तीन लिटरचा. त्याला सहा किलो पाला आणि १२ लिटर काढा लागेल, आणि एवढं मोठं पातेलं अजून मिळालेलं नाही.