तुम्ही विचारलंत म्हणून: घरासाठी चित्र करून घ्यायचं, तर चित्रकाराला सांगायचं काय?

मी लोकांच्या घरांसाठी चित्रं करून देते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘आम्हालाही हॉलमध्ये काहीतरी आपलं असं हवंय, पण चित्रकाराला नेमकं सांगायचं काय?’ आणि मी तोंड उघडायच्या आत फोनवर फोटो यायला लागतात. लग्नातले, सहलीतले, बारशातले. माझं उत्तर कुणाला फारसं आवडत नाही, तरी देते: फोटो राहू द्या. आधी भिंत दाखवा, आणि मग फोटोत न दिसणारं काहीतरी सांगा.

भिंत आधी, कारण चित्र पूर्ण झाल्यावर ते लहानमोठं करता येत नाही. तसं एकदा केलं गेलं होतं म्हणा. डच चित्रकार रेम्ब्राँचं ‘नाइट वॉच’ हे मुळात सांगून करून घेतलेलंच चित्र. अॅमस्टरडॅमच्या नागरी रक्षकदलातल्या मंडळींनी पैसे भरून स्वतःचं काढून घेतलेलं, 1642 सालचं. 1715 मध्ये ते नगरभवनात न्यायचं ठरलं, तिथल्या ठरलेल्या जागेत मावेना, तर चारही बाजूंनी कापून बसवलं. डावीकडची काही माणसंच गेली. ते कापलेले तुकडे आजवर सापडलेले नाहीत. रेम्ब्राँची ही गत, तर माझं काय घेऊन बसलात!

तेव्हा जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवा, मनात असलेल्या मापाचा कागद करा आणि तो मास्किंग टेपने भिंतीवर लावून काही दिवस तसाच राहू द्या. येता-जाता नजर जाते का, दार उघडल्यावर अर्धा झाकला जातो का, सोफ्यावर टेकलेल्या माणसाचं डोकं लागतं का, सगळं आपोआप कळतं. आपण मनात धरलेलं माप फारच लहान होतं, हे बहुतेकांच्या कागद लावल्यावर लक्षात येतं. सोफ्यावर लावायचं चित्र साधारण सोफ्याच्या दोन तृतीयांश रुंदीचं असलं की बरं दिसतं. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवायची पद्धत आहे, कारण उभ्या माणसाची नजर तिथे पडते. पण जिथे सगळे बसलेलेच असतात तिथे खुशाल थोडं खाली घ्या. घरातली निम्मी चित्रं छताशी गप्पा मारत असतात असं माझं निरीक्षण आहे.

भिंतीचा फोटो पाठवाल तेव्हा एक सकाळी आणि एक दुपारी असे दोन काढा. ऊन कुठवर येतं ते मला बघायचं असतं. व्हॅन गॉगच्या 1888 सालच्या ‘बेडरूम’मधल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण त्याने स्वतः पत्रात त्या फिकट जांभळ्या असल्याचं लिहिलंय. जांभळ्यातला लाल रंग प्रकाशाने उडाला, निळा तेवढा उरला. म्हणून कुठल्याही चित्रकाराला बेधडक विचारा की वापरणार ते रंग प्रकाशात टिकणारे आहेत ना. चांगल्या रंगांच्या ट्यूबवर तशी श्रेणी छापलेली असते. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मोजणीत 1 आणि 2 या श्रेणी टिकाऊ धरल्या जातात. जलरंग आणि कागदावरचं काम सगळ्यात नाजूक. संग्रहालयं त्यावर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड पडू देतात, आणि आपल्या खिडकीतून येणारा उजेड त्याच्या कितीतरी पट असतो. मुलांनी स्केचपेनने काढलेली चित्रं फ्रेम करून लावायची हौस असेल तर आधी ती नीट स्कॅन करा, लावायचं ते प्रिंट लावा, मूळ कागद अंधारात जपा. स्केचपेनची शाई उन्हात फार टिकत नाही.

आणि ओल. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर किंवा पावसाचा मारा सोसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदाचं काम नकोच. कॅनव्हास लावलात तरी फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळती राहते.

आता मुख्य मुद्दा. सांगायचं काय?

एका घरातून फोन आला होता. वडिलांचं व्यक्तिचित्र हवं होतं आणि हाताशी होता ओळखपत्रावरचा फोटो. त्या फोटोत कोण माणूस स्वतःसारखा दिसतो? मी विचारलं, ते घरी असले की काय करत बसायचे? आधी नेहमीची उत्तरं आली. प्रेमळ होते, शिस्तीचे होते, सगळ्यांना सांभाळून घ्यायचे. यातलं मला काहीच रंगवता येत नाही. मग मागून त्यांच्या सुनेचा आवाज आला, ‘घड्याळं खोलून बसायचे. चष्मा कपाळावर, आणि स्क्रू कधी हरवू नयेत म्हणून डबीच्या झाकणात. ते झाकण कुणी हलवलं तर घर डोक्यावर घ्यायचे.’

झालं माझं काम. चित्रात चेहरा नाहीच. टेबलाचा कोपरा आहे, दिव्याचा पिवळा गोल, उघडं घड्याळ, मालकाची वाट बघणारा चष्मा आणि झाकणात लहानात लहान स्क्रूपासून मोठ्यापर्यंत लावलेली रांग. ती रांग मी माझ्या मनाने लावली नव्हती. ते तशीच लावायचे, हे नंतर नातवाने सांगितलं आणि मी त्याप्रमाणे रेखाटन बदललं. घरी आलेल्या पाहुण्यांना ते नुसतं टेबलाचं छान चित्र वाटतं. घरच्यांना कोण दिसतं, ते घरच्यांना ठाऊक.

मला हवं असतं ते हे. ‘आई खूप मायाळू’ हे नको. आई फोनवर बोलताना वायर बोटाला गुंडाळत राहायची, हे हवं. ‘आम्हाला निसर्ग आवडतो’ हे नको. जुन्या घराच्या कुठल्या खिडकीतून कुठलं झाड दिसायचं आणि त्याची कुठली फांदी तोडली होती, हे हवं. तुमच्याखेरीज जगात कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट द्या. बाकीची जुळवाजुळव हा माझा धंदा आहे. चित्राची मांडणी स्वतः ठरवून, ‘इथे आजी, इथे समई, वर ढग, ढगात आजोबा’ अशी यादी घेऊन आलात तर मी ती इमानेइतबारे रंगवून देईन, आणि वर्षभराने तुम्हीच म्हणाल की काहीतरी राहिलं.

सगळ्यांचं सगळं एकाच चित्रात कोंबू नका, हेही त्यातच आलं. मोठ्याचं गिटार, धाकटीची सायकल, मांजर, लग्नाची तारीख आणि वर एखादं सुभाषित. खिचडी चांगली होते ती मोजक्याच गोष्टींची.

माझ्याशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवा. चर्चा सगळ्यांनी करा, भांडा, रुसा, पण निरोप एकाकडून येऊ द्या. एकीकडे काका निळा म्हणतात, दुसरीकडे वहिनी निळा नको म्हणते, आणि शेवटी चित्र सगळ्यांना ‘चालेल’ असं होतं. मात्र ज्याला असल्या चित्राबित्राची अजिबात आवड नाही अशा घरातल्या माणसाला रेखाटन जरूर दाखवा. तो शिष्टाचार पाळत नाही, म्हणून त्याचा अभिप्राय कामाचा असतो.

आणि ज्याचं चित्र, त्याला चकित करायला जाऊ नका. 1954 मध्ये ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांनी चर्चिलना 80 व्या वाढदिवसाला त्यांचं व्यक्तिचित्र भेट दिलं, ग्रॅहम सदरलंडकडून करून घेतलेलं. चर्चिल त्यासाठी स्वतः बसले होते, तरीही त्यांना ते मुळीच आवडलं नाही. पुढे त्यांच्या पत्नीच्या इच्छेने ते नष्ट करण्यात आलं. स्वतः बसलेल्या माणसाची ही कथा. पाठीमागे परस्पर करून घेतलेल्या चित्राला तो काय म्हणेल!

फोटो शेवटी लागतातच, त्यामुळे त्याबद्दलही थोडं. मेसेजमधून पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. लांब बाजूला 1600 पिक्सेल असलेला फोटो 300 डीपीआयने, म्हणजे एका इंचात 300 ठिपके या हिशोबाने, छापला तर जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर भरतो. मोठं प्रिंट लांबून बघायचं असतं म्हणून 150 डीपीआयवरही भागतं, पण त्या हिशोबानेही 90 सेंटिमीटरला सव्वापाच हजारांवर पिक्सेल लागतात. तेव्हा मूळ फाइल पाठवा, डॉक्युमेंट म्हणून. जुना छापील फोटो असेल तर फोनने फोटोचा फोटो नको, स्कॅन करा.

व्यवहाराचं लेखी ठेवा, ओळखीतला चित्रकार असेल तर जास्तच. माप, माध्यम, आगाऊ रक्कम किती, रेखाटनात किती वेळा बदल, फ्रेम कुणी करायची, काम कधी मिळणार. चित्राच्या प्रती काढायचा हक्क कुणाकडे हेही लिहा, कारण त्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि चित्र विकत घेतलं म्हणजे तो हक्क आपोआप मिळालाच असं नसतं. चित्र हाताने रंगवणार की छापून वर रंगाचे हात मारणार, हेही आधी विचारायला लाजू नका. दोन्हीत गैर काही नाही, पण दाम एकाचं आणि काम दुसऱ्याचं नको.

मुदतीत ऑइलसाठी जास्त वेळ धरा. हाताला कोरडं लागलं तरी ते आतून वाळत असतं. रूढ पद्धतीने शेवटचं वॉर्निश सहा महिने ते वर्षभराने देतात, त्यामुळे चित्र घरी लावल्यावर चित्रकार पुन्हा एकदा येणार असेल तर ते चांगलंच लक्षण समजा. घाई असेल तर अॅक्रिलिक घ्या. थेट भिंतीवरच रंगवून घ्यायचं मनात असेल तर नवं प्लास्टर महिनाभर तरी वाळू द्या, आणि घर बदलायचा विचार असेल तर तो बेत सोडून द्या. भिंत ट्रकमध्ये चढत नाही.

काचेच्या फ्रेमला वजन असतं. 60 बाय 90 सेंटिमीटरची 2 मिलिमीटर जाडीची नुसती काचच पावणेतीन किलोच्या घरात जाते. एका खिळ्यावर भरवसा ठेवू नका, दोन हुक लावा. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घाला. साध्या पुठ्ठ्याचा माउंट काही वर्षांनी कागदावर तपकिरी रेघ उमटवतो, आणि ती जात नाही.

हल्ली एक प्रश्न बराच येतो. ‘चित्र झाल्यावर घरात बाळ आलं, त्याला त्यात बसवून द्याल का?’ नावांचा वंशवृक्ष असेल तर देते, तिथे मी पहिल्यापासून मोकळ्या फांद्या सोडते. रंगवलेल्या चित्रात मात्र नाही म्हणते. जुन्या रंगाशेजारी नवा रंग ठिगळासारखा दिसतो, आणि त्या चित्रातली दुपार बाळाच्या आधीची आहे. त्याच्यासाठी वेगळं छोटं चित्र करू. त्यासाठी पहिलं चित्र भिंतीच्या ऐन मधोमध न ठोकता थोडं एका बाजूला लावा, म्हणजे शेजारी जागा राहते.