एक कोळपणी, अर्धं पाणी: बारीक नळीचं गणित

खानदेशात कपाशी लावणाऱ्याला ही म्हण तोंडपाठ असते. कोळपणी म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्यानं मोकळी करणं; ती एकदा केली की अर्ध्या पाण्याची बचत, असा म्हणीचा अर्थ. तिच्यामागचं बरंचसं विज्ञान काचेच्या बारीक नळीत दिसतं.

आतला व्यास २, १ आणि ०.५ मिलिमीटर असलेल्या नळ्या पाण्यात उभ्या धरा, मागे काळा कागद ठेवा. पाणी साधारण दीड, ३ आणि ६ सेंटिमीटर चढेल. पाणी काचेला चिकटतं आणि पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्यामुळे, खालच्या पाण्यालाही वर ओढतं. ही ओढ नळीच्या आतल्या परिघावर ठरते. पण तेवढ्याच उंचीच्या पाण्याचं वजन व्यासाच्या वर्गानं वाढतं. म्हणून व्यास निम्मा झाला की उंची दुप्पट! जेम्स ज्युरिन यांनी हा नियम १७१८ साली मांडला.

पाणी कमी चढलं, तर आधी बोटांच्या तेलकटपणावर संशय घ्या. नळी साबणानं धुवा, पण साबणाचा अंशही आत राहू देऊ नका. त्यानं पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो. मग नळी खोल बुडवून हळूहळू वर उचला, म्हणजे आतली काच आधीच ओली होते. मध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर ते माप सोडून द्या.

पाऱ्याचं उलट. त्याचे अणू काचेपेक्षा एकमेकांना जास्त धरून असतात, त्यामुळे १ मिलिमीटरच्या नळीत तो बाहेरच्या पातळीपेक्षा सुमारे ११ मिलिमीटर खाली राहतो. हा प्रयोग घरी नको, पाऱ्याची वाफ विषारी असते.

नळी आखूड असली तरी पाणी तोंडातून सांडत नाही, तिथेच थांबतं. वाफ होऊन गेलं, तरच खालून नवं येतं. शेतात मातीच्या कणांमधल्या पोकळ्या म्हणजे अशा नळ्याच, आणि तिथे नेमकं हेच होतं. नदीच्या जाड वाळूत पाणी झटकन चढतं आणि वीतभरातच थांबतं. काळ्या मातीत रेंगाळत चढतं, पण कितीतरी वर जातं. वर पोचलेलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. केळीच्या बागेत पाणी जास्त झालं, निचरा नसला, की पांढरा थर दिसतो तो त्याचाच.

कोळप्यानं वरची ४-५ सेंटिमीटर माती भुसभुशीत झाली, की बारीक पोकळ्यांची साखळी तुटते. मोठ्या पोकळीत पाणी फारसं चढत नाही. तण जातं आणि भेगा बुजतात, त्याचाही वाटा मोठा. मात्र वेळ वाफशाचीच हवी, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी. ओल्यात कोळपलं तर पासेला, म्हणजे कोळप्याच्या पात्याला, चिखल धरतो आणि ढेकळं निघतात. उशीर केला तर भेगा खोल जाऊन खालची ओलही वाऱ्यावर जाते.