आंभोरा, जुलै : गळ पिशवीतच राहिला

जुलैच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेचारला नागपूर सोडलं. कुही-वेलतूर मार्गे वैनगंगेकाठचं आंभोरा सत्तरेक किलोमीटर. तीन दिवस दणकून पाऊस झाला होता, शेतांत पाणी तुंबलेलं, वैनगंगा चहासारखी गढूळ. गळ, दोरी सगळं सोबत होतं. माशांच्या विणीच्या दिवसांत गळ टाकायचा नाही हे मी अलीकडे ठरवलंय, तरी पाणी दिसलं की हात शिवशिवतातच.

नद्यांच्या संगमाच्या अलीकडे एक नाला नदीला मिळतो. तिथे वीस-पंचवीस माणसं उतरलेली. चढणीचे मासे! पुराच्या धारेला तोंड देऊन रोहू, मिरगल अंडी घालायला उथळात चढतात, तेव्हा त्यांना पळायला पाणी नसतं. कुणी मच्छरदाणी आडवी धरलेली, कुणाच्या हातात नुसती काठी. एका पोराने उचललेल्या मादीच्या पोटातून हिरवट-पिवळी अंडी त्याच्या मनगटावर ओघळत होती. दोन-तीन किलोच्या मादीत अशी लाखांनी असतात.

“दरवर्षी बीज सोडतातच की,” असं शेजारचा एक जण म्हणाला. बीज म्हणजे पाण्यात सोडायला तयार केलेली माशांची पिल्लं. अर्धं खरं आहे. रोहू-कतला साचलेल्या तळ्यात वीत नाहीत, म्हणून १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अशा माशांची वीण घडवली. तो दिवस, १० जुलै, आजही मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पण ते बीज मुख्यतः ठरावीक जातींचं. नदीतले बाकीचे मासे स्वतःच्या जिवावरच टिकतात.

मरळीचंच बघा. काठाच्या गवतात, मासेमारी करणाऱ्या धिवर समाजातल्या एका काकांनी मला बोटाने दाखवलं : पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा गोळा, ताटाएवढा, क्षणात फुटायचा, क्षणात जुळायचा. पिल्लं. खाली पालक मरळ राखणीला. गोळ्याजवळ काहीही पडलं की ती तुटून पडते, भुकेने नाही, रागाने. दोन वर्षांपूर्वी मी अशीच एक मरळ बेडकासारख्या ल्यूरने (खोट्या आमिषाने) ओढली होती. फोटो काढून सोडलीही. तेवढ्यात इतर माशांनी तो गोळा फोडला होता.

“राखणारी उचलली तर पोरं घंटाभर टिकत नाही जी,” काका म्हणाले. त्यांचं घर माशावर चालतं, तरी ते गोळ्यावर जाळं टाकत नाहीत. मी तर हौसेला आलेला. माझ्याकडे कसली सबब?

हिमाचलात तीर्थन नदीकाठी हेच शिकलो होतो. ट्राउटची मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, अंडी घालते, वर खडी लोटते. तिथे आपला बूट पडला तरी अंडी चिरडतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट धरायला बंदी असते. सामन (सॅल्मन) तर समुद्रातून विणीसाठी नदीत शिरल्यावर खाणंच सोडतो, आणि पॅसिफिकमधला बहुतेक सामन वीण उरकून मरतो. त्याच्या शेवटच्या दमावर आपण खेळ मांडायचा, हे मला पटत नाही.

जाणार असाल तर सप्टेंबर सरल्यावर जा. आधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा, पाण्याचा ठेका बहुतेक त्यांचाच असतो. काटा बिनदात्याचा (टोकाला उलटा दात नसलेला) घ्या, मासा सोडायचा तर ओल्या हाताने धरा. पोट फुगलेली मादी आली तर पाण्याबाहेर न काढता काटा सोडवा. पिल्लांचा गोळा दिसला की तिथून पुढे चला. जुलैत गेलातच तर दुर्बीण न्या. नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरतो आणि पाणी बघता बघता चढतं, म्हणून काठावरूनच बघा.

मी दहापर्यंत गोळ्याजवळ बसून राहिलो. परत निघताना काका नाल्यातल्या पोरांना मच्छरदाणी गुंडाळायला सांगत होते. दोघांनी ऐकलं.