ठेकेदाराला सोडून बँकेच्या मागे का लागता?

परवा बैठक संपल्यावर पुन्हा तोच प्रश्न आला. प्रकल्पासाठी जमीन सरकारनं घेतली, सुरुंग ठेकेदारानं लावले, जागतिक बँकेसारख्या बँकेनं तर फक्त कर्ज दिलं. मग तुम्ही बँकेच्या मागे का लागता? अधिकारी विचारतात, पत्रकार विचारतात, माझा सख्खा भाऊसुद्धा विचारतो. आजवर मी चालता चालता काहीतरी सांगून सुटका करून घेतली. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून लिहिते.

कर्ज एकरकमी येत नाही, हप्त्याहप्त्यानं येतं. पुनर्वसन कसं करायचं, लोकांना आधी काय सांगायचं, पाण्याचं काय, या अटी करारात बँकेनंच घातलेल्या असतात. त्या पाळल्या जातात का हे बघायला तिची माणसं येतात, आणि मोडल्या तर हप्ता रोखायचा हक्क तिच्याकडे असतो. तो हक्क ग्रामसभेकडे नाही, तहसीलदाराकडेही नाही. मुंबईच्या नागरी परिवहन प्रकल्पात सुमारे १,२०,००० माणसं हलवली गेली. त्यांतल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये जागतिक बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे, म्हणजे बँकेविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या मंडळाकडे, तक्रारी केल्या, चौकशीत पुनर्वसनातल्या चुका निघाल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्त्यांचे आणि पुनर्वसनाचे हप्ते थांबवले. काही महिन्यांनी परत सुरूही केले. पण थांबवता येतात, एवढं तर दिसलं. 'फक्त कर्ज दिलं' हे म्हणणं मला त्यानंतर कधीच पटलेलं नाही.

हे पॅनेलही बँकेला आपणहून सुचलेलं नाही. सरदार सरोवरासाठी १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर झाले. नर्मदाकाठच्या माणसांनी इतकं लावून धरलं की बँकेला मोर्स समिती ही स्वतंत्र चौकशी समिती नेमावी लागली, आणि १९९२ मध्ये त्या समितीनं बँकेनं मागे सरावं असं लिहून दिलं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनंच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पॅनेल स्थापन झालं. बँक गेली, धरण मात्र चालूच राहिलं. ज्यांच्यामुळे तक्रारीचा दरवाजा उघडला, त्यांच्यासाठी तो उघडेपर्यंत आत कुणी उरलं नव्हतं. हे वाचलेलं होतं, पाठ होतं, तरी मी पुढे जे केलं ते केलं.

एका बोगद्याच्या कामात एका मावशींची विहीर आटली. बँक कोणती, गाव कोणतं, ते सांगत नाही. विहिरीचा दोर अजून डोळ्यांपुढे आहे. मूळचा काथ्याचा, त्याला गाठ मारून निळ्या नायलॉनचा तुकडा, आणि त्याच्या टोकाला जुन्या लुगड्याचा पीळ. पाणी जसजसं खाली गेलं तसतसा दोर वाढवलेला. कुठली गाठ कुठल्या उन्हाळ्यातली, हे त्या बोटानं दाखवायच्या. तिसऱ्या उन्हाळ्यात पोहरा नुसता गाळावर आपटायला लागला. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपली होती.

"ताई, ज्यानं पैसे दिले त्यालाच सांगू या की," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. तुम्ही विचारता त्याच्या नेमकं उलट.

मी म्हटलं, आधी प्रकल्पाच्या तक्रार समितीकडे जाऊ, नियम तसाच आहे. नियम खरंच तसा होता. आधी खाली दाद मागितल्याचा पुरावा द्यावा लागतो. पण खाली किती दिवस थांबायचं, हे मी ठरवलं. प्रकरण भक्कम हवं म्हणून अकरा महिने थांबले. मग बँकेकडे तक्रार पाठवली, आणि दोन परिच्छेदांचं उत्तर आलं : कर्जखातं बंद झालेलं आहे, मुदत टळलेली आहे, तक्रार विचारात घेता येत नाही.

पत्र इंग्रजीत होतं. ओट्यावर बसून मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं.

"विहिरीचं काय लिहिलंय?"

"काही नाही, मावशी."

"परत वाचा."

परत वाचलं. मग त्यांनी ते पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि पोचांच्या पिशवीत ठेवून दिलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कर्ज बंद होण्याची तारीख प्रकल्पाच्या कागदात छापलेली होती. पुनर्वसनाचं प्रकरण मी शब्दन्शब्द वाचलं होतं, ते पान उलटलं नव्हतं. पुढे बरीच वर्षं मी म्हणत राहिले की दोष नियमाचा. नियम वाईट आहेच. जागतिक बँकेनं २०२० मध्ये कर्ज बंद झाल्यावरही पंधरा महिने तक्रार घ्यायचं ठरवलं; तिसऱ्या उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरीला पंधरा महिने कसे पुरायचे? पण तारीख बघितली नाही ती मी.

वेळेत गेलो असतो तर पाणी आलं असतं का? गुजरातेतल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी २०११ मध्ये वेळेत तक्रार केली होती. तिथल्या औष्णिक वीज प्रकल्पालाही आयएफसीचं, म्हणजे जागतिक बँकेच्याच गटातल्या, खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेचं कर्ज ४५ कोटी डॉलरचंच. आयएफसीच्याच लोकपालानं २०१३ मध्ये लिहिलं की मच्छीमारांशी नीट सल्लामसलत झाली नाही. मच्छीमार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि आयएफसीला खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही असा ७ विरुद्ध १ निकाल २०१९ मध्ये मिळवला. पण नंतर खालच्या न्यायालयांनी हे प्रकरण आमच्याकडे चालू शकत नाही म्हटलं, आणि २०२२ मध्ये तो रस्ता बंद झाला. पॅनेल काय, लोकपाल काय, बँकेनं स्वतःचे नियम मोडले एवढंच सांगू शकतात; भरपाई द्या असा हुकूम त्यांना काढता येत नाही. कर्ज मंजूर होतानाच नुकसानभरपाईचा पैसा बाजूला काढून ठेवा, ही मागणी मी प्रत्येक बैठकीत करते. नुसता अहवाल मिळाला तरी खूप, असं पूर्वी मीच लोकांना सांगायचे. आता तसं सांगायला तोंड उघडत नाही. तरी तो अहवाल मावशींच्या हातात पडायला हवा होता, असंही वाटतंच.

सध्या दुसऱ्या एका गावाचे कागद माझ्यासमोर आहेत. या वेळी आधी तारीख पाहिली. कर्ज बंद व्हायला पाच महिने आहेत. तक्रार समितीनं पहिल्या अर्जाला उत्तर दिलेलं नाही. आज बँकेकडे गेलो तर 'आधी खाली जा' म्हणून परत पाठवतील, थांबलो तर काय होतं ते मी पाहिलंय. रविवारी गावात बैठक आहे. काय करायचं, हे ते मलाच विचारणार आहेत.