नव्वद डॉलरचं मुखपृष्ठ

शिकागोत मी कागदाच्या दुरुस्तीचं काम करते. फाटके नकाशे, बुरशी लागलेली पत्रं, पावसात भिजलेली लग्नाची प्रमाणपत्रं, काय वाटेल ते येतं. पेस्टलचं चित्र आणणार म्हणून फोन आला, की आम्ही आधीच बजावतो: आडवं धरून आणा आणि गाडी हळू चालवा. पेस्टल म्हणजे कागदाच्या खरखरीत अंगावर टेकलेली रंगाची भुकटी. ठसका लागला तरी उडायची.

त्या दिवशी आलेले गृहस्थ पंच्याहत्तरीच्या आसपासचे. चित्र सांगितल्याप्रमाणे आडवं धरलेलं, खांद्याला कापडी पिशवी. फ्रेम टेबलावर टेकायच्या आतच म्हणाले, "ब्रंडेज आहे. वडिलांकडून आलंय."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मार्गारेट ब्रंडेज याच गावची. फॅशनची चित्रं काढून पोट भरायची. नवरा फिरस्ता, लहान मुलगा, त्यात मंदी. १९३२मध्ये 'वियर्ड टेल्स' या भयकथांच्या मासिकाने तिला मुखपृष्ठ दिलं आणि पुढच्या तेरा वर्षांत तिने अशी सहासष्ट मुखपृष्ठं केली. एका चित्राचे नव्वद डॉलर. सही 'एम. ब्रंडेज' अशी, त्यामुळे ही बाई आहे हे सुरुवातीला वाचकांच्या ध्यानीमनी नव्हतं. तिची मूळ चित्रं फार थोडी उरली आहेत आणि आज त्यांना जी किंमत येते, ती ऐकून तिला भोवळ आली असती.

चित्र कोणत्या अंकाचं होतं ते सांगत नाही, गिऱ्हाइकाचा मामला आहे. तिच्या बहुतेक मुखपृष्ठांसारखंच: घाबरलेली बाई, अंगावर जेमतेम वस्त्र, मागे अंधारात कोणीतरी. आपल्याकडे दिवाळी अंकावर बाई लागायचीच, आत मजकूर काहीही असो. तिथेही तोच हिशोब. मुखपृष्ठाचा मान आपल्या कथेला मिळावा म्हणून काही लेखक कथेत अशा बाईची सोय करून ठेवायचे. सीबरी क्विन त्यात पटाईत. हा गृहस्थ अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकांच्या मासिकाचा संपादक होता, म्हणजे मढी दोन्हीकडे.

फ्रेम उघडली. काचेच्या जागी साधं अ‍ॅक्रिलिक. त्यावर स्थिर वीज साठते आणि ती भुकटी ओढून घेते. अ‍ॅक्रिलिकच्या आतल्या बाजूला चेहऱ्याचा पुसट, उलटा ठसा उमटला होता; एक डोळा आणि अर्धी जिवणी. नुकसान झालं होतं, पण फार नाही.

खोलीतले दिवे घालवून यूव्ही दिवा लावला. चित्राच्या कडेला रिकामा सुटलेला पुठ्ठा निळसर-पांढरा लखलखला. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात मिसळतात त्या रसायनाची ही खूण, आणि ते रसायन कागदात यायला लागलं साधारण १९५०च्या सुमाराला. म्हणजे हा पुठ्ठा मंदीच्या काळातला नव्हे. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. बाई १९७६पर्यंत हयात होती. उतारवयात कोणासाठी तरी जुनं चित्र पुन्हा काढून दिलं नसेल कशावरून?

"छापील अंक पाहायला मिळाला असता तर," मी म्हणाले. त्यांनी पिशवी पुढे केली. आत जुने अंक होते आणि नेमका तोही होता.

अंक चित्राशेजारी ठेवला आणि मग दिसलं. चित्रातल्या बाईच्या कमरेचं वस्त्र खाली घरंगळत येतं, त्याच्या चुण्या छान, आत्मविश्वासाने ओढलेल्या. गुडघ्याच्या जरा वर एका आडव्या पट्ट्यात त्या थांबतात. तिथे नुसता सपाट रंग घासलाय. तीन बोटं खाली चुण्या परत सुरू, पण वरच्या रेघांशी त्यांचा मेळ बसत नाही. अंकावर नेमक्या त्याच जागी लेखकाचं नाव छापलं होतं, ठळक अक्षरांत.

चित्रकार देतो ते चित्र सलग असतं. अक्षरं त्यावर नंतर छपाईत चढतात. अक्षरांखाली काय होतं हे माहीत असतं ते काढणाऱ्याला. हे चित्र ज्याने काढलं, त्याच्यापुढे फक्त छापील अंक होता. आपल्याच चित्रातलं वस्त्र ती बाई नेमक्या नावाच्या पट्टीपुरतं विसरली, हे मला पटेना.

मी त्यांना भिंग दिलं आणि काही न सांगता ती जागा दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "म्हणजे नकली?"

"मुखपृष्ठ ज्यावरून छापलं ते हे नव्हे, एवढं मी लिहून देईन. कोणी काढलं, कशासाठी, ते माझं काम नाही. फसवायला काढलं असतं तर सही घातली असती. इथे सही नाहीच."

ते खुर्चीत बसले. मी कॉफी आणून दिली. मग ते विचारत राहिले आणि मी सांगत गेले. लेखकांना शब्दामागे अर्धा ते एक सेंट हा 'वियर्ड टेल्स'चा भाव, तोही बरेचदा उशिरा. तिथला लेखक रॉबर्ट ई. हॉवर्डने १९३६मध्ये जीव दिला तेव्हा मासिकाकडे त्याचे हजाराहून जास्त डॉलर थकले होते. संपादक फार्न्सवर्थ राइट कंपवाताने इतका बेजार की पत्रावर सही करणं जमेना. त्यानेच वाचकांना सांगितलं होतं की ब्रंडेजचं चित्र कचेरीत असलं की शिंकायचीही भीती वाटते. १९३८मध्ये मासिक विकलं गेलं, कचेरी न्यूयॉर्कला हलली. तोवर चित्र नेऊन देणं गावातल्या गावात व्हायचं; आता ही भुकटी शिकागोहून धाडायची कशी? तिची कामं रोडावली त्याला न्यूयॉर्कच्या महापौरांची अश्लीलतेविरुद्धची मोहीमही कारण होती, पण माझ्या मते पेस्टलचा वाटा कमी नाही. तैलरंगात काम करणाऱ्याला ही अडचण आली नसती.

बोलता बोलता मी पिशवीतले अंक एकेक बाहेर काढत होते. लाकडाच्या स्वस्त लगद्याचा कागद. त्यातलं लिग्निन आम्ल होऊन कागदाला आतून खातं. पानं चहासारखी तपकिरी, कोपरे बिस्किटासारखे तुटणारे, पिना गंजून मुखपृष्ठं सुटलेली. पण हे अस्सल होते, आणि त्यात नोव्हेंबर १९३३चा अंक होता.

"हे बघा," मी म्हणाले. "सी. एल. मूर. पहिली कथा. ती वाचून राइटने म्हणे आनंदाने त्या दिवशी कचेरीला सुट्टी दिली."

"कोण हा मूर?"

"बाई. इंडियानापोलिसच्या एका बँकेत सेक्रेटरी होती. बाहेरची कमाई साहेबाला कळू नये म्हणून आद्याक्षरं. हेन्री कटनर नावाच्या तरुण लेखकाने भारावून तिला पत्र धाडलं, 'श्रीयुत मूर' म्हणून. १९४०मध्ये दोघांनी लग्न केलं."

ते खळखळून हसले. चित्राला नवी काच लावून द्या म्हणाले, खोटं असलं तरी वडिलांच्या खोलीतलं आहे. आणि हे अंक? मी सांगितलं: पिना काढायच्या, कणे जपानी कागदाने आणि गव्हाच्या खळीने सांधायचे, प्रत्येकाला वेगळा डबा. मग अंदाजे खर्च लिहून कागद पुढे केला, तेव्हा हसू थांबलं. नोव्हेंबर १९३३ तेवढा ठेवून घ्या म्हणाले, बाकीचे पुढच्या वर्षी बघू.